काजळीवाले याकूब सर

याकूब सर कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, कंदिलाच्या काचेकडे बघत. काच लखलखीत पुसलेली दिसली की त्यांचा चेहरा पडायचा. काळीकुट्ट दिसली की खुलायचा. मग खिशातून कोंबडीचं पीस आणि बटरपेपरचा तुकडा निघायचा, आणि घरच्यांना "बसा" म्हणायची सवड मिळायच्या आत सर काचेच्या आतली काजळी अलगद झाडायला लागलेले असायचे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. लोडशेडिंग इतकं की जव्हारमध्ये वीज गेली तर कुणी मान वर करत नसे, आली तर करत. त्यामुळे कंदील, चिमण्या घरोघर होत्या आणि सरांना काजळीचा तोटा नव्हता. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तर काचा पुसणंच कमी केलं होतं. कारण पुसलेली काच बघून सर हळहळायचे, "पुसलीत? अरेरे! कालची फार चांगली होती हो." कुणाच्या घरी दुखवट्याला आल्यासारखा आवाज.

"सर, काजळी ती काजळी. आज पुसली, उद्या परत धरेल," कुणीतरी म्हणायचं.

"उद्या वेगळी धरेल," सर म्हणायचे. "काळं दिसलं म्हणून सगळं एकच समजू नका. कार्बन आहे तो!"

'कार्बन आहे तो' हे त्यांचं पालुपद. भाकरी करपली, भात लागला, सदऱ्यावर इस्त्रीचा डाग पडला, काहीही होवो, सरांचं उत्तर ठरलेलं. एकदा हेडमास्तरांचं पेन गळून त्यांचा खिसा काळा झाला, तेव्हाही सर वाकून बघत म्हणाले होते, "शाई आहे, कार्बन नाही." आणि निराश होऊन निघून गेले होते.

मी गावडे सिस्टर. जव्हारला दवाखान्यात नोकरीला होते आणि सरांच्याच घरात, पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. मी मूळची कणकवलीकडची. दर वर्षी बदलीचा अर्ज करायचा, तो नामंजूर झाला की अम्मींच्या हातचा चहा पिऊन पुन्हा कामाला लागायचं, असा माझा क्रम होता. अम्मी म्हणजे सरांच्या आई, माझ्या घरमालकीण. मागच्या भागात त्या, याकूब सर, सरांचे मोठे भाऊ हारुनभाई आणि शमीमभाभी राहायचे. बाजारात हारुनभाईंचं दुकान होतं. कंदील, स्टोव्ह, पत्र्याच्या बादल्या आणि मागच्या बाजूला कल्हईची भट्टी. हे कल्हईचं काम त्यांच्या घरात आज्यापासून चालत आलेलं. म्हणजे सर लहानपणापासून काळ्या भांड्याचं पांढरं होताना बघत मोठे झाले. त्यांचंच डोकं उलटं चाललं आणि ते पांढऱ्यातून काळं शोधायला लागले.

सर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. किडकिडीत अंगाचे, डोक्यावर टक्कल, आणि पायांना विश्रांती माहीत नाही. चहा उभ्याने प्यायचे, तोही अर्धा अंगणात आणि अर्धा ओट्यावर. वर्गात शिकवताना दारातून बाहेर जायचे आणि खिडकीतून वाक्य पुरं करायचे, असं पोरं सांगायची. शिरपामाळला लोक दरीचं दृश्य बघायला जातात. सर पाहुण्यांना घेऊन गेले की दरीकडे पाठ करून चहावाल्याच्या पत्र्यामागे गडप व्हायचे. पाहुणे म्हणायचे, "काय सुंदर आहे हो!" आणि पत्र्यामागून आवाज यायचा, "फार सुंदर! डिझेलची आहे!"

हे वेड त्यांना लागलं ते एका उजळणी वर्गात. शिक्षकांच्या त्या वर्गात पडद्यावर एक चित्र दाखवलं होतं: कार्बनच्या नळ्या. इतक्या बारीक की आपला केस त्यांच्यापुढे वडाचं खोड वाटावं. शिकवणारे प्राध्यापक बोलता बोलता म्हणून गेले की असले बारीक कण, असल्या नळ्या साध्या काजळीतही थोड्याफार सापडतात, आणि जगात काही लोक त्यांच्याकडून जंतू मारायच्या खटपटीत आहेत. जंतूच्या पातळ कातडीला त्या टोचतात. बस्स. बाकीचे शिक्षक जेवायला गेले, सर तिथेच उभे राहिले आणि त्यानंतर कधी नीट बसलेच नाहीत.

"सिस्टर, औषध जंतूच्या पोटात जाऊन भांडतं," सर मला समजावायचे. "जंतू हळूहळू त्याचे डावपेच शिकतो. पण काट्याचे डावपेच काय शिकणार? बाभळीच्या काट्यांवर पाय दिला की लागणारच. पिढ्यान् पिढ्या लागणार."

मला हे ऐकून डोक्यात तिडीक यायची. त्याला कारण होतं. आमच्याकडे पाड्यांवरून माणसं यायची. कोयता लागलेली, विळा लागलेली. आणि जखमेवर हमखास चुलीतली राख नाही तर काजळी थापलेली. माझी निम्मी नोकरी ती धुण्यात गेली. त्यांना चार समजुतीच्या गोष्टी सांगून घरी यावं, तर एम. एस्सी. झालेला माणूस ओट्यावर उभा राहून काजळीची आरती ओवाळतोय!

"सर, एक लक्षात ठेवा," मी म्हटलं. "तुमचं हे काळं कुणाच्या जखमेजवळ दिसलं, तर मी आधी तुम्हाला डेटॉलने धुईन."

"कबूल," सर म्हणाले. "आधी बशीत सिद्ध करतो. बशीत मेला तरच पुढचं बोलू."

आमचं हे बोलणं ज्या जखमेवरून चालायचं, ती अम्मींची. तिच्यामुळेच सरांची धावपळ गमतीची राहिली नव्हती. अम्मींना साखरेचा आजार. डाव्या अंगठ्याला नवी चप्पल चावली, एवढंच निमित्त. फोड आला, फुटला, आणि मग ती जखम भरायचं नावच घेईना. मी रोज ड्रेसिंग करायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, बदलून दिली. शेवटी पू तपासायला नाशिकला पाठवला. तिथून कळलं की या जंतूला नेहमीची कुठलीच औषधं लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी सरांना स्पष्ट सांगितलं, "जंतू हटला तर पाय राहील. नाहीतर काढावा लागेल."

सर त्या दिवशी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. मग माझ्या दारात येऊन म्हणाले, "सिस्टर, मला त्या जंतूची ओळख करून द्या."

मी डॉक्टरांना विचारून ड्रेसिंगच्या वेळी एका कापसाच्या बोळ्यावर नमुना घेऊन दिला. जंतू वाढवायला मोठ्या प्रयोगशाळेत एक खास जेली वापरतात. ती जव्हारला कुठली मिळायला? सर दोन दिवस तळमळले आणि तिसऱ्या दिवशी भाभींच्या फडताळापुढे उभं राहून ओरडले. ती जेली ज्यापासून करतात, ते म्हणजे आपलं चायनाग्रास! रमजानात दूध-साखर घालून वड्या करतात तेच. सरांनी दूध-साखरेऐवजी मटण उकळून काढलेली पातळ यखनी घातली, सगळं कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक केलं, काचेच्या बश्यांत ओतलं आणि वर झाकण. घरात दोन कुकर झाले, एक डाळीचा आणि एक जंतूंचा. जंतूंच्या कुकरच्या झाकणावर भाभींनी लाल रंग फासला आणि सरांना बजावलं, "दोन्हींत अदलाबदल झाली ना, तर मी माहेरी जाईन."

बशीत जंतू वाढला. पिवळसर, तेलकट ठिपके. तो जिवंत ठेवायचा तर दर आठवड्याला नव्या बशीत हलवावा लागायचा. सर दर शुक्रवारी नमाजहून आले की हे काम करायचे. टोपी डोक्यावर, स्पिरिटचा दिवा पेटवलेला, तार लाल करून निववलेली, आणि जिभेचं टोक बाहेर.

अम्मी पलंगावरून बघायच्या. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, चाळिशी कधीच उलटून गेलेली. अम्मींच्या जव्हारपासून भिवंडीपर्यंतच्या मुली बघून झाल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी सर मुलीऐवजी स्वयंपाकघराच्या धुराड्याबद्दल विचारून आले होते. त्यामुळे ती बशी बघून अम्मी मला म्हणाल्या, "देखो सिस्टर, आखिर घर में बहू आ गई. यखनी खाती है, बंद कमरे में रहती है, और मेरा खून पीती है."

आम्ही पोट धरून हसलो. तेव्हापासून त्या जंतूचं नाव 'बहू' पडलं ते कायमचं. अम्मी सकाळी विचारायच्या, "बहू ने खाना खाया क्या?" सर आतून गंभीरपणे ओरडायचे, "खाल्लं, अम्मी!" शेजारीपाजारी भेटले की अम्मी म्हणायच्या, "हमारी बहू बहोत जिद्दी है. डॉक्टर की भी नहीं सुनती." समोरच्या वाडेकरकाकू तर कितीतरी दिवस याकूब सरांनी गुपचूप लग्न केलं असं समजून होत्या, आणि सून कधी बाहेर दिसत नाही म्हणून हळहळत होत्या.

सरांचे प्रयोग जोरात होते. टीपकागदाला पंचिंग मशीनने भोकं पाडली की ज्या टिकल्या पडतात, त्या काजळीच्या पाण्यात भिजवायच्या आणि बशीत बहूच्या मधोमध ठेवायच्या. टिकलीभोवतीचा जंतू मेला तर तिथे स्वच्छ कडं दिसतं. रॉकेलची काजळी, मेणबत्तीची, कापराची, तुपाची, एस. टी. च्या सायलेन्सरची. एस. टी. च्या वेळी ड्रायव्हरने सरांना गाडीखालून पाय धरून ओढून काढलं होतं. कशाचंच कडं उमटलं नाही. बहू टिकलीला खेटून मजेत वाढायची. काही टिकल्यांवर तर चढायची.

त्या रमजानात मोठा घोटाळा झाला. मला इफ्तारचं बोलावणं होतं. खजूर झाले, भजी झाली, आणि भाभींनी ताटलीतून थरथरणारी चायनाग्रासची वडी पुढे केली. मी मोठा घास घेतला. खारट! वर मटणाचा वास. मी जन्मात कधी मटण खाल्लेलं नाही. मी डोळे फिरवले, भाभींनी तोंडावर ओढणी घेतली, आणि सर आत धावले. मला वाटलं माझ्यासाठी पाणी आणायला धावले. आतून आवाज आला, "मग मी बहूला काय वाढलं?"

त्यांनी बहूला दूध, साखर आणि गुलाबपाण्याची बशी वाढली होती. माझ्या पोटात गेली ती बिनजंतूची, कुकरमध्ये शिजवलेली होती, हे आधी कुणीतरी मला सांगायला हवं होतं. पण तेवढं भान कुणाला होतं! दोन दिवसांनी सर ती बशी घेऊन अम्मींच्या पलंगाशी आले. बहू नुसती फोफावली होती. यखनीवर कधी दिसली नव्हती इतकी गुबगुबीत.

"हिला गोड आवडतं," सर चकित होऊन म्हणाले.

अम्मींनी बशी हातात घेतली, चष्मा लावून बराच वेळ पाहिली. साखर बंद झाल्यापासून त्या चोरून गूळ खायच्या आणि मी त्यांच्या उशीखालून तो काढायची. त्या म्हणाल्या, "मुझ पे गई है."

उन्हाळ्यात अंगठा काळा पडला आणि सरांचा तोल सुटायला लागला. बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून चालू लागायचे. शर्टाची बटणं वरखाली. त्याच सुमाराला मला सूर्यमाळच्या एका पाड्यावर लसीकरणाला जायचं होतं आणि दवाखान्याची जीप बंद पडली होती. सर म्हणाले, "मी सोडतो स्कूटरवर." मी ओळखलं. तिथे खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, तेलाचे दिवे अजून लावतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीतल्या झऱ्यावरून वर येत होत्या. मी माझं काम उरकेपर्यंत सरांनी पाहिजे ते घर शोधून काढलं होतं. एक म्हातारी, घरात नुकतीच बाळंत झालेली सून, आणि कोपऱ्यात दिव्यावर पालथी घातलेली पितळी थाळी. बाळासाठी काजळ धरलेलं. मखमलीसारखं काळं. सर थाळीपुढे गुडघे टेकून बसले. त्यांना असं स्वस्थ बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"आजी, ह्यातलं थोडं द्याल?"

म्हातारीने मला विचारलं, "नर्सबाय, ह्यो कोन? काजळ नेवून काय करील?"

"औषध करायचं म्हणतात," मी म्हटलं. माझ्या तोंडून असं वाक्य निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"औषध करा, नायतर काय पन करा. पन पोराचा काजळ बांधून नाय देत. कागदान् नाय, डबीन् नाय. घरातून बांधून गेला तं पोराची नजर उघडी पडं."

"मग?"

"लावून जा. अंगाव लावून गेला तं चालं. ज्याला लावला तो बी आमचाच पोर."

सरांनी एक क्षणही विचार केला नाही. तोंड पुढे केलं. म्हातारीने कपाळावर टिळा लावला. सर म्हणाले, "अजून." तिने गालांवर लावलं. "अजून." हनुवटी, कानांच्या मागे, मग टकलावर हात फिरवून झाला. शेवटी सरांनी बाह्या वर केल्या. पाड्यावरची सगळी पोरं दारात जमून खिदळत होती. आत बाळंतीण पदरात तोंड घालून हसत होती. म्हातारी मात्र मनापासून, एक बोटही वाकडं न फिरवता लावत होती.

परतीचा तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. टळटळीत ऊन, आणि सरांना घाम येऊ द्यायचा नव्हता. घाम आला की काजळ ओघळणार. म्हणून ते बैलगाडीच्या चालीने स्कूटर चालवत होते आणि मी मागे बसून माझ्या छत्रीची सावली त्यांच्या टकलावर धरत होते. खोडाळ्याला बाजाराचा दिवस. अख्ख्या बाजाराने आम्हाला वाट करून दिली. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. "बोलू नका, सिस्टर," सर ओठ न हलवता म्हणाले. "गाल हलतात."

घरी पोचलो तेव्हा अम्मी ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. हारुनभाईंनी कपाळावर हात मारला. भाभी किंचाळून आत पळाल्या. अम्मींनी मात्र चाळीस वर्षं उलटलेल्या, टक्कल पडलेल्या, तान्ह्या बाळासारखं तीट-काजळ ल्यालेल्या आपल्या मुलाकडे बघितलं आणि दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावरून ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा मोडली. "मेरे बच्चे को नज़र न लगे."

सर वाटी घेऊन काजळ खरवडायला बसले तेव्हा अम्मींनी कपाळावरच्या टिळ्याला हात लावू दिला नाही. "इतना रहने दे," म्हणाल्या. सर सगळ्या काळ्याच्या पै पैसाठी तडफडत होते, पण तेवढा टिळा त्यांनी राहू दिला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातही तसेच गेले.

त्या दिवसापासून सर घरातच खुरासणीच्या तेलाचा दिवा लावून थाळी पालथी घालायला लागले. पण नुसती ती काजळीही टिकलीवर हरली. ती पाण्यात मिसळत नव्हती, वर तरंगायची. तिला आणखी बारीक करायला हवं होतं. कसं, ते सरांना सुचेना. पाऊस सुरू झाला आणि अम्मींना ताप भरला.

नाशिकला न्यायला जीप आली तेव्हा अम्मींनी मला जवळ बोलावलं. "सिस्टर, पैर का क्या है, काट डालेंगे. इसको समझाओ. ये समझता है इसकी पढ़ाई फेल हो गई." सर जीपभोवती फेऱ्या मारत होते. एकदा या दारातून डोकं आत घालायचे, एकदा त्या. निघताना अम्मींनी ओरडून सांगितलं, "बहू को भूका मत रखना!" सगळे हसले. सरही हसले.

पाय काढला. पण तोवर जंतू रक्तात पसरला होता. अम्मी परत आल्या त्या तशाच, पांढऱ्या चादरीत.

मी खूप माणसं जाताना पाहिली आहेत. तो धंदाच आहे माझा. पण ओट्यावरची ती रिकामी खुर्ची बघून मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून रडले. याकूब सर रडताना दिसले नाहीत. दफन करून आले, हातपाय धुतले आणि आत गेले. तो शुक्रवार होता.

सर थांबतील असं आम्हाला वाटलं होतं. ते दुप्पट वेगाने चालायला लागले. हारुनभाई मला म्हणाले, "सिस्टर, आता कशाला? जिच्यासाठी होतं ती गेली." मलाही तेच वाटत होतं. पण सर कॉलेजच्या प्रयोगशाळेत खुरासणीची काजळी ॲसिडात, त्यांच्या भाषेत तेजाबात, उकळत बसायचे, म्हणजे उकळत उभे राहायचे. लालसर वाफा, खोकला, बोटांना पिवळे डाग. मग ते तेजाब धुऊन धुऊन काढायचं, गाळायचं, पुन्हा उकळायचं.

दिवाळीनंतर एका दुपारी ते दवाखान्याच्या दारात उभे राहिले. "सिस्टर, चला." मी पेशंट आहेत म्हटलं, तर त्यांनी पेशंटलाच विचारलं, "तुम्हाला घाई आहे?" शेवटी ड्युटी संपल्यावर गेले.

हारुनभाईंच्या दुकानात नोटा तपासायचा एक जांभळा दिवा असायचा. तो सरांनी घरी उचलून आणला होता. एका बाटलीत फिकट तांबूस पाणी होतं. सरांनी खिडकी लावली आणि दिवा बाटलीजवळ नेला. ते पाणी हिरवं चमकायला लागलं! काजळीचं पाणी, आणि काजव्यासारखं हिरवं.

"इतके बारीक कण झाले की कार्बन काळा राहत नाही," सर हळूच म्हणाले. मग त्यांनी बशी पुढे केली. टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं. बहू चारी बाजूंनी मागे सरली होती. दुसरी बशी, तिसरी बशी, तेच कडं. नुसत्या तेजाबाच्या आणि नुसत्या पाण्याच्या टिकल्याही त्यांनी ठेवल्या होत्या. त्यांच्याभोवती काही नव्हतं. मी नर्स आहे, कडं म्हणजे काय ते मला कळतं.

"सर, जिंकलात!" मी म्हटलं. "लागलंच हो!"

"लागलं," सर म्हणाले. बशीतलं लागणं आणि माणसाच्या पायाला लागणं यात केवढं अंतर आहे, ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी उजळणी वर्गाच्या त्या प्राध्यापकांना फोन केला होता. प्राध्यापक खूश झाले, मोठमोठ्या ठिकाणी असंच काही चाललंय म्हणाले, बाटली पाठवा म्हणाले. सरांनी पाठवलीही. ते सगळं सांगताना सर येरझाऱ्या घालत होते, पण नेहमीसारख्या नाही. भिंतीपाशी जाऊन उगाच थांबत होते.

"मग आता हिला ठेवून काय करायचं?" मी कपाटातल्या बहूच्या मूळ बशीकडे बोट दाखवलं. ती न मारलेली, दर आठवड्याला नव्या जेलीवर हलवलेली. "त्यात ओता ते पाणी, नाहीतर कुकरमध्ये घाला. अम्मींचा जीव घेतला हिने. संपवा एकदाची."

सर बशी हातात घेऊन उभे राहिले. मग स्टूल ओढलं आणि बसले.

"तेच जमत नाहीये, सिस्टर," ते म्हणाले. "दोनदा कुकर लावला. दोनदा उतरवला." त्यांनी झाकणावरची धूळ बाहीने पुसली. "अम्मीच्या अंगातनं आलीय ही. अम्मीचं म्हणून जिवंत असं आता माझ्याकडे एवढंच आहे."

माझा राग कुठे गेला, मला कळलं नाही. हा माणूस अख्ख्या गावभर का पळत होता, आणि पळणं थांबलं की त्याला कोणत्या घरी जावं लागणार होतं, ते मला तेव्हा दिसलं. मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, म्हातारीने फिरवला होता तसा.

मग सर उठले. शुक्रवार होता. त्यांनी चायनाग्रासची पुडी काढली, स्टोव्हला पंप मारला, आणि पाठमोऱ्यानेच, काहीतरी विचारायचं म्हणून विचारल्यासारखं म्हणाले, "यखनी आहे थोडी. खारटच करू ना?"

मी सगळी नोकरी जंतू मारण्यात घालवली. अम्मींच्या उशीखालचा गूळही मीच काढून घेत असे.

"गोड करा, सर," मी म्हटलं. "साखर जरा जास्तच घाला. आणि झाकण घट्ट लावा."